घोळाकडे बघून वाजणारा ढोल

शिकागोच्या डिव्हिजन स्ट्रीटवर, वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूपाशी एक आणि पुढे कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूपाशी एक, असे प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे दोन पोलादी झेंडे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उभे आहेत. ५९ फूट उंच, १९९५ साली उभारलेले. वाऱ्यावर फडफडताना कापडाला पडतात तशा लाटा पोलादाला दिल्या आहेत. या दोन झेंड्यांमधल्या रस्त्याला ‘पासेओ बोरिकुआ’ म्हणतात. बोरिकुआ म्हणजे प्वेर्तो रिकोचा माणूस आणि पासेओ म्हणजे फेरफटका, रमतगमत चालणं. पासेओला आणखी एक अर्थ आहे, हे मला फेब्रुवारीतल्या एका दुपारी कळलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम आणि चालणं करून घेणारी. त्या भागात माझ्याकडे एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. पार्किन्सन्स. जन्म लोइसाचा, प्वेर्तो रिकोच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. लहानपणीच आईबरोबर शिकागोला आलेल्या. दिवाणखान्याच्या दारावर नारळाच्या सोढणाचा रंगवलेला मुखवटा टांगलेला होता. शिंगं असलेला, दात विचकलेला. लोइसातल्या जत्रेत घालतात तो. आजी मला ‘मिहा’ म्हणायच्या, म्हणजे पोरी. मी त्यांना ‘दोन्या’ म्हणे. तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी तो मान लावतात.

नेमक्या त्या मुखवट्याखालच्या उंबऱ्यात आजींचे पाय खिळायचे. पार्किन्सन्समध्ये हे फार दिसतं. मोकळ्या जागेत माणूस बरा चालतो, पण दार आलं, वळण आलं की तळवे जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. मेंदूतलं डोपामाइन कमी झालं की ज्या हालचाली आपण विचार न करता करतो त्यांचा आतला ठेका हरवतो. बाहेरून ठेका दिला, कानाला टकटक ऐकवली किंवा जमिनीवर पट्ट्या आखल्या, तर मेंदू दुसऱ्या वाटेने ते काम करून घेतो. म्हणून मी फोनवर मेट्रोनोम लावत असे. उंबऱ्यासमोर पिवळ्या टेपच्या पट्ट्याही चिकटवल्या होत्या. पट्ट्यांचा थोडा उपयोग झाला. मेट्रोनोम मात्र आजींना सहन होईना. “नळ गळतोय,” असं म्हणून त्या मान फिरवायच्या. खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं, अशी एक चाचणी असते. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. आजींना सत्तेचाळीस लागत होते.

त्या दिवशी बर्फामुळे नातवाचं कॉलेज बंद होतं. तो आणि त्याचा मित्र संध्याकाळच्या तालमीला निघायचे होते, म्हणून दिवाणखान्यात दोन ढोल ठेवलेले. बार्रिल म्हणतात त्यांना, म्हणजे पिंप. पूर्वी खरोखरच रमच्या पिंपांवर बकरीचं कातडं चढवून ते बनवत. हे बॉम्बाचे ढोल. उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचं हे संगीत. प्वेर्तो रिकोत गुलामगिरी १८७३ पर्यंत चालली, आणि त्या काळात रात्री अंगणात हे वाजत असे.

आजी उंबऱ्यात अडकल्या होत्या. गोळी घेऊन तास झालेला, म्हणजे त्यांची चांगली वेळ. तरीही पाय हलेनात. कमरेच्या पट्ट्यावर माझी मूठ, दुसऱ्या हाताने मी मेट्रोनोम लावायला फोन काढला. नातू म्हणाला, “मी देऊ का?” मी मान डोलावली. त्याने मित्राला खूण केली आणि मोठ्या ढोलावर मित्राने ‘सिका’ हा बॉम्बातला ठेका धरला. हा मोठा ढोल म्हणजे बुलेआदोर. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेका धरून राहतो, इकडचा तिकडे होत नाही.

आधी आजींचे खांदे हलले. मग वजन डाव्या पायावर गेलं, मग उजव्या. महिनाभर मी हेच शिकवत होते: पाय उचलायच्या आधी वजन हलवा. उजवी टाच सुटली, पाऊल उंबऱ्यापलीकडे पडलं, त्यामागे दुसरं. माझ्या पिवळ्या पट्ट्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वॉकर ढकलत त्या खोलीत आल्या आणि सरळ ढोलांकडे न जाता कडेकडेने फेरी घेऊ लागल्या. नातू पुटपुटला, “पासेओ करतेय.” बॉम्बात नाचणारी व्यक्ती रिंगणात आली की आधी अशी फेरी मारते. तिलाच पासेओ म्हणतात.

लहान ढोलासमोर येऊन त्या थांबल्या. पाय पुन्हा खिळले असं समजून मी पट्टा घट्ट धरला. पण त्या अडकल्या नव्हत्या. त्यांनी मान किंचित झुकवली. हा सालुदो, नाचाआधी वादकाला केलेला नमस्कार. मग त्यांचा उजवा हात वॉकरवरून सुटला. माझ्या पोटात गोळा आला. त्या हाताने त्यांनी अंगातल्या गाऊनचा घोळ चिमटीत धरला आणि झटकन एक झटका दिला. त्याच क्षणी लहान ढोलावर थाप पडली. दोन झटके, दोन थापा. मनगट हळूच वळवलं तर बोटांनी वाजवलेली हलकी टिर्र.

लहान ढोलाला प्रीमो म्हणतात. तो वाजवणारा नातू ढोलाकडे बघतच नव्हता. पापणी न लवता त्याची नजर गाऊनच्या घोळावर होती. आपल्याकडे ढोलकीवाला लावणीत पायांवर नजर ठेवून बोल उचलतो हे मी पाहिलंय. पण इथे तर पुढाकार पूर्ण नाचणाऱ्याचा. ती जे करील त्याचा आवाज प्रीमोने काढायचा. आणि मी महिनाभर या बाईला फोनच्या तालावर चालायला सांगत होते!

असे सहा-सात झटके झाले. मग त्यांनी पुन्हा मान झुकवली, ढोल थांबले आणि मी त्यांना खुर्चीत बसवलं. कपाळावर घाम होता. पार्किन्सन्सने चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो, हसू ओठांपर्यंत पोचत नाही. पण डोळे? ते मी त्या घरात पहिल्यांदाच असे बघत होते. दहा मिनिटांनी बुलेआदोरच्या साथीवर पुन्हा चाचणी घेतली. एकोणतीस सेकंद.

ती माझी त्या दिवसाची शेवटची व्हिजिट होती, आणि आजींची लेक मला जेवल्याशिवाय सोडेना. पोरांनी कोपऱ्यावरून हिबारितो आणले होते. पावाऐवजी भाजीच्या कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले दोन लांब काप, मध्ये मांस आणि लसणाचं मेयॉनेज. हा पदार्थ १९९० च्या दशकात याच वस्तीतल्या एका हॉटेलातून पसरला. पण माझं लक्ष पातेल्याकडे होतं. आरोस कोन गांदुलेस. शेंदरीच्या बियांनी पिवळाकेशरी झालेला भात, लसूण, मिरच्या आणि कोथिंबिरीसारख्या पण उग्र वासाच्या लांब पानांचं वाटण, आणि त्यात हिरवट-करडे दाणे. एक दाणा दाताखाली फोडला आणि मी घास हातात धरून बसले. तूर! आम्ही यवतमाळकडचे. थंडीत ओल्या तुरीचे दाणे सोलून आई सोलेभात करते, तेच सोले माझ्या ताटात होते. मुळात तूर आपल्याकडची. इथून ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर. म्हणजे ढोल गेला त्याच वाटेने ती गेली होती.

मी हे सांगितलं तेव्हा आजींनी लेकीला पातेल्याच्या तळाशी उलथणं घालायला लावलं. भाताची खरवड निघाली, कुरकुरीत, तेलकट, लालसर. तिला तिथे पेगाओ म्हणतात आणि ती घरात सगळ्यांना हवी असते. त्या दिवशी सगळी मला मिळाली.

पार्किन्सन्स यातून बरा होत नाही. दुसऱ्या दिवशी ढोलाशिवाय त्या त्याच उंबऱ्यात पुन्हा अडकल्या, तसा लेकीचा फोन आला. मग नातवाने दहा मिनिटांचा सिका फोनवर रेकॉर्ड करून दिला. फक्त बुलेआदोरचा. “प्रीमो का नाही घेतला?” मी विचारलं. तो म्हणाला, “तिला न बघता कसा वाजवणार?”

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर आम्ही खाली उतरलो. बेकरीपर्यंत स्वतः चालत जायचं, हे आजींनी पहिल्या दिवशी लिहून दिलेलं उद्दिष्ट होतं. माझ्या खिशात फोनवर बुलेआदोर चालू. पोलादी झेंड्याच्या सावलीत येऊन त्या थांबल्या. मी पायांकडे पाहिलं, मग हाताकडे. चिमटीत कोटाची कड होती. त्यांनी झटका दिला, मी टाळी वाजवली.

“तार्दे,” आजी म्हणाल्या. उशीर झाला. आणि त्यांनी कोटाची कड पुन्हा चिमटीत धरली.