आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला बघणारा प्रशिक्षक हवा

यंदाही बेळगावच्या आमच्या कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात गारद झाला. हरल्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक सलते ते हे की या मुलांमध्ये जिंकण्याइतके फुटबॉल नक्की होते आणि ते मैदानात उतरलेच नाही. माजी विद्यार्थी म्हणून मी या संघाचा जमेल तो सामना पाहत आलो आहे आणि आता मनातले स्पष्ट लिहावे असे वाटते. प्रशिक्षक सर माणूस म्हणून सज्जन आहेत. वेळेवर येतात, प्रसंगी मुलांसाठी स्वतःच्या खिशातून केळी आणि ग्लुकोज आणतात. मात्र आपल्या हाताखाली कोणते खेळाडू आहेत, कोणाचा कोणता पाय चालतो, कोण कुठे खुलतो, याकडे ते बघत नाहीत, आणि माझी सगळी तक्रार या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते.

खानापूर तालुक्यातून एक मुलगा यंदा संघात आला. अंगाने किरकोळ, उंची बेताची, पण डावा पाय असा की चेंडू बुटाला चिकटूनच राहतो. पावसाळ्यात लेले मैदानावर सराव चालला असताना तो डाव्या बगलेतून दोघांना चुकवून गोलरेषेपर्यंत गेला आणि मागे वळवून दिलेला त्याचा पास नेमका पेनल्टीच्या ठिपक्यापाशी धावत आलेल्या मुलाच्या पायात पडला. कडेला उभे असलेले आम्ही सगळे आपोआप टाळ्या वाजवू लागलो. स्पर्धा सुरू झाली तेव्हा तो उजव्या बगलेच्या बचावात उभा होता. कारण एवढेच की गेल्या वर्षी तिथे खेळणारा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला आणि जागा रिकामी होती. डावीकडच्या आघाडीची जागा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याची, कारण तो ज्येष्ठ. ज्येष्ठतेचा मान ठेवावा, कर्णधारपद द्यावे, पण जागा वाटताना वर्ष कशाला बघायचे?

खेळाची पद्धतही अशीच न बघता ठरलेली आहे. आमचे दोन्ही आघाडीवीर बुटके आणि चपळ आहेत, आणि तरी गोलरक्षकापासून बचावफळीपर्यंत प्रत्येकाला एकच हुकूम असतो की चेंडू उचलून पुढे मारायचा. ‘हाण पुढं’, ‘होडी, होडी’ (कन्नडमध्ये ‘मार, मार’) अशा मराठी-कन्नड आरोळ्या पूर्ण ९० मिनिटे चालतात. जून ते सप्टेंबर बेळगावच्या चिखलात उंच चेंडू मारण्याला अर्थ असतो, हे मी मान्य करतो, कारण डबक्यात जमिनीवरचा पास अडकतो आणि अडकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो. परंतु ही स्पर्धा पाऊस सरल्यावर झाली. तेव्हा लाल माती वाळून दगडासारखी टणक झालेली असते, उंचावरून पडलेला चेंडू डोक्यावरून उसळून जातो, आणि समोर धिप्पाड स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, असतील तर तो त्यांच्याच कपाळावर जाऊन आदळतो. उपांत्य सामन्यात नेमके हेच घडत राहिले. मध्यफळीतली आमची तीन मुले मान वर करून डोक्यावरून जाणारा चेंडू बघत उभी होती, आणि मध्यंतरानंतरही त्यात काडीचा बदल झाला नाही.

मध्यंतरात तरी काही सांगितले जाईल, अशी माझी अपेक्षा होती. दोरीच्या या बाजूला उभे राहून मी सगळे ऐकत होतो. ‘जोर लावा, इज्जतीचा प्रश्न आहे’ याखेरीज एक वाक्य कानावर आले नाही. प्रतिस्पर्ध्यांचा उजवा बचावपटू सारखा पुढे धावत होता, त्याच्या पाठीमागे मोकळे मैदान पडले होते आणि तिकडे पळवता येईल असा डाव्या पायाचा मुलगा आमच्याकडे होता, पण तो होता दुसऱ्या टोकाला. गोल बसल्यावरही बाकावरची मुले बसूनच राहिली. पाच बदली खेळाडूंची मुभा फुटबॉलच्या नियमांत २०२२ पासून कायमची झाली आहे, ती दमलेले पाय बदलता यावेत म्हणूनच. आमच्याकडे पहिला बदल झाला तेव्हा शेवटची काही मिनिटेच उरली होती.

अशा वेळी मला सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण होते. हैदराबादचे हे शिक्षक १९५० पासून १९६३ मधील त्यांच्या निधनापर्यंत भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ही त्यांच्या कारकिर्दीची कमाई. १९६२ साली जकार्तात जर्नैल सिंग या भरवशाच्या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही आणि नेहमीच्या जागीही ठेवले नाही, तर थेट आघाडीवर खेळवले. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला, दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला, आणि भारत २–१ असा जिंकला. स्वतः कर्करोगाने आजारी असतानाही आपला खेळाडू आज काय करू शकतो, हे त्या माणसाने बघितले. आमच्या सरांकडून मला सुवर्णपदक नको, हे बघणे तेवढे हवे आहे.

दुखापतींबाबत तर मी अधिकच कठोर बोलेन. सामन्याआधी मैदानाला दोन फेऱ्या आणि वाकून पायाची बोटे धरणे, एवढाच आमचा वॉर्म-अप. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा व्यायामक्रम साधारण २० मिनिटांत होतो. धावणे, ताकद आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, उड्या, मग वेगाने दिशा बदलत धावणे, असे त्याचे भाग आहेत आणि त्यासाठी चेंडूखेरीज फारसे साहित्यही लागत नाही. आठवड्यातून किमान दोनदा तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आमचा मुख्य स्टॉपर साखळी सामन्यातच मांडीचा स्नायू धरून खाली बसला आणि उरलेली स्पर्धा त्याने लंगडत कडेवरून पाहिली. त्याच्या आईवडिलांना कोण काय सांगणार?

दोष एकट्या सरांचा नाही. कॉलेज त्यांना स्पर्धेच्या तोंडावर काही आठवड्यांपुरते बोलावते आणि स्पर्धा संपली की मानधन देऊन मोकळे होते. इतक्या थोड्या दिवसांत मुलांची नावे पाठ होतात, खेळ नाही. कॉलेजला बहुधा वाटते की बघायला येतो तो हौशी प्रेक्षक, त्याला काय कळते! पण इथला प्रेक्षक कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांचे सामने उभ्याने पाहून आलेला असतो, घाट उतरून गोव्यातले फुटबॉलही पाहतो. त्याला चुकीच्या जागी उभा केलेला खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत दिसतो.

पुढच्या वर्षीची निवड चाचणी जुलैच्या आसपास होईल. प्रशिक्षकाची नेमणूक त्याआधी करावी, ती पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी असावी आणि शक्य असल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षक परवाना असलेल्या व्यक्तीची असावी, असा अर्ज मी आणि काही माजी खेळाडू मिळून प्राचार्यांकडे देत आहोत. सध्याच्या सरांनाच तो परवाना घेण्यासाठी कॉलेजने खर्च दिला तरी आमची हरकत नाही. अर्जात एक ओळ मी आग्रहाने घालायला लावली आहे: खानापूरच्या त्या मुलाला चाचणीत डाव्या बगलेत खेळवून बघावे.