तुम्ही विचारलंत म्हणून: लोकलला डबे का वाढवत नाहीत?

लातूरला हा प्रश्न येतो, परभणीला येतो, आणि दिव्यात-डोंबिवलीत खोली घेऊन राहणाऱ्या पोरांचे आईबाप तर हमखास विचारतात: "लातूरजवळ हरंगुळला आपला एवढा मोठा डब्यांचा कारखाना झाला. देवगिरी एक्सप्रेसला गर्दी झाली की जादा डबा लावतात. मग लोकलला काय होतंय?" आजवर तुटक उत्तरं देऊन वेळ मारून नेली. आता एकदा सगळं सांगतो.

कारखान्याचं लवकर संपतं. 25 डिसेंबर 2020 ला तिथून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला, पण आता तिथलं काम ठरलंय ते वंदे भारत शयनयान गाड्यांचं. मुंबईच्या लोकलचे रेक, म्हणजे डबे जोडून तयार झालेल्या अख्ख्या गाड्या, मुख्यतः चेन्नईच्या पेरांबूरहून येतात.

देवगिरीला पुढून इंजिन ओढतं, मागे एक डबा वाढला तर चालून जातं. लोकलला इंजिनच नसतं. तीन डब्यांचं एक युनिट, त्यात एक मोटर कोच, त्याच्या टपावर वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ, आणि बाकीचे दोन डबे त्याच्या जोरावर चालतात. 12 डब्यांची गाडी म्हणजे अशी चार युनिटं. वाढवायचेच तर एकदम तीन डबे, म्हणजे 12 चे 15. गाडी साठ-पासष्ट मीटरनं लांबते. तेवढा फलाट प्रत्येक थांब्यावर लागतो, फलाटाच्या टोकाचा सिग्नल सरकवावा लागतो, कुठे कुठे रूळ बदलायचे सांधेही. रात्री गाडी उभी करायची लाईन आणि कारशेडमधला, गाडी खालून तपासायचा पिट लांबवावा लागतो. वाटेतल्या एका स्टेशनाचा फलाट आखूड राहिला तरी अडतं. म्हणून कल्याणच्या बाजूला 15 डब्यांच्या गाड्या बहुतेक जलद मार्गावरच दिसतात.

"मग गाड्या वाढवा." बरं, हिशेब करू. धीमी लोकल कल्याणहून सीएसएमटीला जायला साधारण 90 मिनिटं घेते. जाऊन येऊन 180, दोन्ही टोकांना गाडी फिरवायला मिळून 20, झाले 200. दर चार मिनिटांनी गाडी हवी तर 200 भागिले 4, म्हणजे 50 रेक रस्त्यावर. देखभालीसाठी शेकडा दहा धरले तर आणखी पाच. आता गर्दीमुळे मधल्या 24 थांब्यांवर गाडी दहा-दहा सेकंद जास्त थांबली असं समजा. जाताना चार मिनिटं, येताना चार. फेरी 208 मिनिटांची झाली, आणि तेवढ्याच फेऱ्यांना 52 रेक लागले. एकही जादा माणूस न नेता दोन रेक गर्दीनं खाल्ले. नवे रेक आले की ते आधी ही तूट भरण्यातच जातात, म्हणून तुम्हाला फरक दिसत नाही.

पण माझं मन ज्या गोष्टीत अडकलंय ती ही नाही. ती ऑगस्ट 2022 ची आहे.

त्या 19 ऑगस्टपासून मध्य रेल्वेवर 10 साध्या फेऱ्यांच्या जागी एसी लोकल सुरू झाल्या. कळव्याच्या लोकांना स्टेशनात आलेल्या भरलेल्या गाडीत पाय ठेवता येत नाही, म्हणून ते कारशेडमधून निघणारी गाडी धरतात. त्या सकाळी तीच गाडी एसी निघाली आणि लोकांनी ती अडवली. मग बदलापूरलाही लोक जमले. 25 ऑगस्टला त्या दहाही फेऱ्या मागे घेतल्या गेल्या.

तेव्हा मी ठासून म्हणत होतो की ही माघार चुकीची आहे. दार बंद होणारी गाडी येणारच, आज ना उद्या लोकांना सवय होईल. कागदावर काहीच कमी झालं नव्हतं: तोच मार्ग, तीच वेळ, तेवढेच 12 डबे. पण सेकंड क्लासचा पास एसीत चालत नाही. त्या पासवाल्याची गाडी चार मिनिटांवरून आठ मिनिटांवर गेली, आणि आठ मिनिटांत फलाटावर दुप्पट माणसं साठली. ती सगळी पुढच्या एकाच गाडीवर. हे गणित मला येत होतं, रोजचं होतं, तरी मी ते मांडलं नाही. शिवाय दोन जातीचे रेक म्हणजे राखीवही दोन जातींचे ठेवा. एसी रेक बिघडला आणि साधा पाठवला तर जास्त पैसे भरलेला प्रवासी चिडतो. उलट केलं तर कळवा होतं.

तेव्हा लोक बरोबर होते, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च गाड्यांच्या दारांतून माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. दारं बंद असती तर ती पडली नसती. हे 2022 चा मी सांगतच होतो, आणि त्याला आज माझ्याकडे उत्तर नाही.

मुंब्र्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेनं जाहीर केलं. दारांना झडपा आणि टपावरून हवा, म्हणजे आतली माणसं गुदमरणार नाहीत. याला विरोध करायची माझी हिंमत नाही. पण त्या कामासाठी रेक वर्कशॉपमध्ये न्यायचा म्हणजे तितके दिवस तो वेळापत्रकातून वजा. परत आला की दार उघडा-मिटायला दर थांब्यावर काही सेकंद जास्त, मग वरचा 52 रेकांचा हिशेब पुन्हा वाढणार. आणि दाराला लटकून जाणारा माणूस फलाटावरच राहणार. त्याला आठ वाजून काही मिनिटांची पाळी गाठायची असते. तो उद्या कारशेडच्या फाटकात उभा राहिला, तर 2022 सारखं त्याला चूक म्हणणं मला जमणार नाही. दार उघडं ठेवा असंही मी त्याला सांगू शकत नाही.