जुना गेम सुरू होणे आणि नीट चालणे

कोल्हापुरात राजारामपुरीतील आणि शाहूपुरीतील संगणक क्लासेसमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पहिल्यांदा माउस हातात घेतलेली माझ्या ओळखीची बरीच मंडळी आता चाळिशी ओलांडून पुढे गेली आहेत, आणि त्यांतले कोणी ना कोणी अधूनमधून एखादी जुनी सीडी घेऊन माझ्याकडे येते. तक्रार जवळजवळ एकच असते : “भावा, सीडी घातली की नुसता पडदा काळा होतोय, बघ की जरा.” या कामात मी बरीच वर्षे मनापासून रमलो आहे, आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. गेम एकदाचा सुरू झाला म्हणजे काम संपले असे समजण्याची घाई आपण करतो. ज्या वेगाने, ज्या आवाजात आणि ज्या आकारात तो गेम मुळात खेळला जात असे, तसा तो चालू लागेपर्यंत काम अर्धेच झालेले असते.

सुरुवातीची अडचण समजायला सोपी आहे. डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेले बरेचसे गेम, आणि विंडोज ३.१ च्या काळातील बरेचसे प्रोग्राम, १६ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले होते. ३२ बिट विंडोजमध्ये त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवलेली होती, पण ६४ बिट विंडोजमध्ये ती काढून टाकण्यात आली, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर ३२ बिट स्वरूपात निघालीच नाही. त्यामुळे अशा गेमच्या फाइलवर कितीही वेळा डबल क्लिक केले तरी नवा संगणक तिला स्वीकारत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे १९९५ ते २००० दरम्यानचे काही गेम स्वतः ३२ बिटचे असतात, पण सीडीवरील त्यांचा सेटअप मात्र १६ बिटचा असतो. गेम चालू शकला असता, पण इन्स्टॉलच होत नाही. लोक येथेच हार मानून सीडी कपाटात परत ठेवतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण अनेकदा सीडीवरील फाइली नुसत्या कॉपी करून किंवा जुन्या विंडोजच्या आभासी यंत्रावर (संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकावर) इन्स्टॉल केलेला फोल्डर उचलून आणूनही काम होते.

डॉसच्या गेमसाठी उत्तर आहे डॉसबॉक्स. २००२ पासून उपलब्ध असलेला हा मोफत प्रोग्राम आपल्या संगणकाच्या आत जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड आणि जुने ग्राफिक्स कार्ड यांची हुबेहूब वागणूक उभी करतो. अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांना त्याचे नाव टर्बो सी++ मुळे माहीत असते, कारण तो जुना कंपायलर नव्या लॅपटॉपवर चालवण्यासाठी कॉलेजांमध्ये डॉसबॉक्सचाच आधार घेतला जातो. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र मूळ डॉसबॉक्सऐवजी त्यातून निघालेले डॉसबॉक्स स्टेजिंग घ्यावे असे मी सुचवेन, कारण त्याच्या विकासाचे काम चालू आहे आणि मूळ सेटिंग बरीच समंजस आहेत.

खरा विषय सुरू होतो तो वेगापासून. त्या काळातील कित्येक प्रोग्रामरांनी गेमचा वेग घड्याळाला न बांधता प्रोसेसरच्या वेगावर सोडून दिला होता. प्रोसेसर जितका जलद, तितकी शत्रूची विमाने जलद. १९९० चा विंग कमांडर हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याहून विलक्षण प्रकार टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांचा. त्यातील सीआरटी युनिट, म्हणजे भाषेबरोबर मिळणारा तयार कोडचा एक संच, सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजत असे : टायमरच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे लूप (काहीच न करणारी आज्ञांची फेरी) किती वेळा फिरते ते मोजायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले तेव्हा हा भागाकार इतका मोठा येऊ लागला की तो १६ बिटांत मावेना, आणि प्रोग्राम पहिल्याच क्षणी ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडू लागला. तो संदेश शून्याने भागल्याचा असतो, प्रत्यक्षात शून्याने कोणी भागलेले नसते. यंत्र वेगवान झाल्यामुळे प्रोग्राम बंद पडावा, हे पहिल्यांदा समजले तेव्हा मला या विषयाची गोडी लागली.

उद्यमनगरात जुना लेथ नव्या मोटरीवर चालवायचा झाला तर कारागीर लेथ कापत बसत नाहीत, पुली बदलून त्याला पूर्वीचे फेरे मिळवून देतात. डॉसबॉक्समधील ‘सायकल्स’ हे सेटिंग नेमके तेच करते. मूळ डॉसबॉक्समध्ये साध्या जुन्या गेमसाठी ही संख्या ३००० पासून सुरू होते. कंट्रोल आणि एफ ११ एकत्र दाबले की वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ १२ दाबले की वाढतो. आकडा ठरवताना इंटरनेटवर कोणी सुचवलेल्या संख्येपेक्षा मी स्वतःच्या हातावर अधिक विसंबतो : उडी मारताना बोट आणि पडदा यांचा मेळ बसला पाहिजे, आणि गर्दीच्या प्रसंगी गेम अडखळता कामा नये.

आवाजाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि तेथेच सर्वाधिक नुकसान होते. गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड निवडून पत्ता २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ हे आकडे दिले की डॉसबॉक्समध्ये आवाज येतो. पुष्कळांना एवढ्यावर समाधान वाटते. परंतु १९८७ मध्ये आलेल्या रोलंड एमटी-३२ या वाद्ययंत्रासाठी काही कंपन्यांनी मुद्दाम संगीत रचून घेतले होते. १९८८ चा किंग्ज क्वेस्ट ४ साध्या स्पीकरवर ऐकावा आणि मग मंट या एमटी-३२ ची नक्कल करणाऱ्या मोफत प्रोग्रामवर (एम्युलेटरवर) ऐकावा. ते यंत्र आपल्याकडे त्या काळी कोणाला परवडणारे नव्हते, त्यामुळे संगीतकाराने जे मनात धरले होते ते आपल्या पिढीने मुळात ऐकलेलेच नाही. ते आज पहिल्यांदा ऐकता येते, ही मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोठी कमाई वाटते.

चित्राचा आकार हा तसाच दुर्लक्षित भाग आहे. डॉसचे असंख्य गेम ३२० बाय २०० बिंदूंचे होते, पण ते ४:३ आकाराच्या मॉनिटरवर पूर्ण पडदाभर पसरत, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा थोडा उंच दिसे. नव्या पडद्यावर ते बिंदू चौरस दाखवले की सारे चित्र बसके होते आणि प्रिन्स ऑफ पर्शियामधील राजपुत्र बुटका दिसू लागतो. डॉसबॉक्समधील ‘ॲस्पेक्ट’ हे सेटिंग चालू केले की उंची १.२ पट होते आणि चित्रकाराने काढलेले प्रमाण परत मिळते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, म्हणून लोक चित्र ताणून घेतात. कृपया ताणू नका.

विंडोज ९५ नंतरच्या गेमचे दुखणे वेगळे आहे. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स २५६ रंगांच्या तक्त्यावर चालतो, आणि विंडोज ७ च्या आसपास हा तक्ता इतर प्रोग्रामांकडून बदलला जाऊ लागल्याने गवत आणि पाणी भलत्याच रंगांत दिसू लागले. १९९७ चाच नीड फॉर स्पीड २ एसई थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ग्राफिक्स कार्डासाठीच्या ग्लाइड तंत्रावर उत्तम दिसे. ती कंपनी २००० च्या अखेरीस बाजारातून बाहेर पडली आणि तिच्याबरोबर ते कार्डही गेले. या दोन्ही प्रकारांवर डीजीव्हूडू २ हा छोटा प्रोग्राम उपयोगी पडतो : चित्र काढण्याच्या डायरेक्टड्रॉ आणि ग्लाइड या जुन्या तंत्रांच्या आज्ञा तो विंडोजच्या आजच्या डायरेक्ट३डी तंत्रात फिरवतो. २००३ मध्ये संगणकावर आलेल्या व्हाइस सिटीसाठी सायलेंटपॅच हा दोष सुधारणारा पॅच बसवावा आणि गेममधील फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रे दाखवायची याची मर्यादा) चालूच ठेवावा, कारण तो बंद केला की गाड्यांचे वागणे बिघडते. म्हणजे २००३ मध्येही वेगाचा तोच प्रश्न शिल्लक होता.

सर्वांत अन्यायकारक अडचण मात्र तांत्रिक कमी आणि धोरणाची जास्त आहे. त्या काळातील अनेक सीड्यांवर सेफडिस्क नावाचे कॉपीविरोधी संरक्षण असे. त्याचा ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरल्यामुळे २०१५ मध्ये विंडोज १० ने तो चालवण्याचे बंद केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटमधून जुन्या विंडोजमध्येही तो थांबवण्यात आला. सुरक्षेचा निर्णय योग्यच होता. पण परिणाम असा झाला की ज्याने दुकानातून पूर्ण किंमत देऊन सीडी घेतली त्याचा गेम अडला आणि ज्याने संरक्षण तोडलेली प्रत वापरली त्याचा चालू राहिला. असा गेम जीओजीसारख्या संकेतस्थळावर मिळत असेल तर तेथून घेणे मला उचित वाटते. २००८ पासून ही मंडळी जुने गेम कोणत्याही कुलपाविना आणि बहुधा डॉसबॉक्ससह तयार करून विकत आहेत. गेम बाजारात मिळत नाही म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

ज्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मोकळा झाला त्यांचे भाग्य थोर. १९९३ च्या डूमचा कोड १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून चॉकलेट डूमसारखी आवृत्ती जन्मली, जी मूळ गेमचे दोषदेखील जसेच्या तसे सांभाळते. जेथे असा कोड हाती नव्हता तेथेही लोक थांबले नाहीत : प्रिन्स ऑफ पर्शियाची डॉस आवृत्ती उसवून तयार केलेले एसडीएलपॉप, किंवा कॅप्टन क्लॉसाठी लिहिलेले ओपनक्लॉ, ही स्वयंसेवकांनी केलेली कामे पाहिली की मन भरून येते.

आता कपाटातील सीड्यांविषयी. कोल्हापूरचा पावसाळा लांब आणि दमट असतो, आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपींवर त्या दमटपणाने बुरशी धरते. सीडीचा परावर्तक थरही हळूहळू खराब होतो. म्हणून गेम चालवण्याच्या खटपटीआधी स्वतःच्या सीडीची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण सीडीची फाइलरूपी प्रत, काढून घ्यावी. येथे साधी आयएसओ फाइल पुरेशी नाही, कारण १९९६ च्या क्वेकसारख्या अनेक सीड्यांवर संगीत ऑडिओ ट्रॅक म्हणून वेगळे असते आणि आयएसओमध्ये ते येत नाही. बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडी काढली की गेम आणि संगीत दोन्ही टिकतात, आणि डॉसबॉक्स ती जोडी सीडी म्हणून थेट स्वीकारतो. प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये मी या जोडीशेजारी डॉसबॉक्सची सेटिंग फाइल ठेवतो आणि एका साध्या मजकूर फाइलमध्ये गेमची आवृत्ती, बसवलेले पॅच, ठरवलेल्या सायकल्स आणि निवडलेले साउंड कार्ड नोंदवतो, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तो गेम लावायचा झाला तर त्याला हे सारे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागत नाही.