ओवीची जुई झाली त्याची गोष्ट

मुलगी झाली तेव्हा नाव तयार होतं: ओवी. आईने पंचांग उघडलं तर नक्षत्र रोहिणी निघालं, अक्षरं ओ, वा, वी, वू. एका नावात दोन अक्षरं! आई खूश, मी खूश. नवऱ्याने दवाखान्यातूनच कोलकात्याला फोन लावला आणि पलीकडून सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "ओभी? बाः, ओभी!"

बंगालीत आपला 'व' नाही. संस्कृतातून आलेल्या शब्दांत तो 'ब' होतो, बाहेरच्या शब्दांत बहुधा 'भ'. विवेकानंद तिथे बिबेकानोंदो, रवींद्रनाथ रोबिंद्रोनाथ. माझ्या स्वतःच्या नावातल्या 'व'चं सासरी काय झालंय ते मी चार वर्षं ऐकतेय, तरी हे आधी सुचू नये! नवरा म्हणाला, "सवय होईल." मला मात्र ज्ञानोबा-जनाबाईंची ओवी हवी होती, ओभी नको.

मग सुरू झाली फोनवरची परीक्षा. नाव सुचलं की आधी पुण्यात आईकडून म्हणवून घ्यायचं, मग तिकडे सासूबाईंकडून. 'वेदा'ची बेदा झाली, म्हणजे बेदाण्यातून 'णा' गळलेला. 'स्वाती'ची शाती, कारण जोडाक्षरातला व त्यांच्याकडे लिहितात पण बोलत नाहीत. 'अनघा'ची ऑनोघा. 'प्रज्ञा'वर तर घरात तीन तट पडले. आपण म्हणतो प्रद्न्या, नवऱ्याचा दिल्लीतला मित्र म्हणतो प्रग्या, सासरी प्रोग्गा. लिहायला एकच नाव, पण इंग्रजी स्पेलिंग कोणाच्या तोंडाप्रमाणे करायचं?

सगळ्यात गोड घोळ 'सई'चा. मला वाटलं, यात ना व, ना जोडाक्षर, आता काय बिघडणार? सासूबाई "शोई" म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. बंगालीत शोई म्हणजे सखी, आणि शोई म्हणजे सहीसुद्धा! सासरे मागून म्हणाले, बँकेत फॉर्म भरताना पोरीचं काय होईल? मला खरं तर ते नाव तिथेच ठेवावंसं वाटलं होतं. आपली सईही सखीवरूनच आली असं म्हणतात, म्हणजे अर्थ जुळत होता. पण सह्यांचे विनोद जन्मभर कोण ऐकणार?

तोवर बारसं आलं. बाराव्या दिवशी कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून नणंद कोलकात्याहून आली. तिकडे तिला म्हणतात पिशी. पाळण्याखालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, आणि कानात काय सांगायचं ते अजून ठरलेलंच नव्हतं. शेवटी 'ओवी' हे नावरस नाव म्हणून सांगायचं ठरलं. पिशीने तेही 'ओभी'च सांगितलं असणार! कुर्र्र झाल्यावर बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ही प्रथा तिला कुणी सांगितलीच नव्हती. बिचारी दचकून माझ्याकडे बघायला लागली.

'जुई' सुचलं ते आईच्या गॅलरीतल्या वेलीवरून. आईने आपला दाती 'ज' लावून म्हटलं. सासूबाईंनी 'जुँई' म्हटलं, अनुनासिक, कारण तिकडे त्यावर चंद्रबिंदू असतो. पण फूल तेच! पहिल्यांदाच दोन्हीकडून लगेच होकार आला.

पण तिकडून प्रश्न आला, "हे डाकनाम झालं. भालोनाम काय?" घरात हाक मारायचं एक नाव आणि शाळेत-कागदावर दुसरं, हा बंगाली रिवाज. सासऱ्यांनी लगेच सुचवलं, जूथिका. म्हणजे आपली यूथिका, जुईचंच संस्कृत नाव. बंगालीत शब्दाच्या सुरुवातीचा 'य' 'ज' होतो. मी वाय लावणार, ते जे लावणार. मी हात जोडले.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती दवाखान्याने केली होती. नाव मात्र १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा, म्हणून अक्षर न् अक्षर तपासलं. पहिल्या प्रिंटमध्ये 'जूई' दीर्घ आली होती. खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, उच्चार तोच आहे." असेल! पण सहा महिने उच्चारांमागे धावल्यावर मी ऱ्हस्व-दीर्घाला सोडणार नव्हते. दुरुस्ती झाली.

आडनावाला तिकडे दोन रूपं, बॅनर्जी आणि बंद्योपाध्याय. नवऱ्याच्या पासपोर्टवर आहे तेच घेतलं, आखूड असलेलं.

सातव्या महिन्यात कोलकात्याला मुखे भात झाला, आपलं उष्टावण. माझ्या भावाने, म्हणजे मामाने, पायस भरवलं. निमंत्रणाच्या कार्डावर सासऱ्यांनी मोठ्या अक्षरांत छापलं होतं: जूथिका. खाली बारीक अक्षरांत जुँई, चंद्रबिंदूसकट.