नाइट शिफ्ट आणि कॅफिनची बाटली

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात नाइट शिफ्ट करणारी बरीच पोरं माझ्या ओळखीची आहेत आणि हल्ली रात्री तीन वाजता चहाच्या जागी एनर्जी ड्रिंकची बाटली आलीये, एक संपली की दुसरी, म्हणून हे लिहितेय.

आधी एक समजून घ्या की कॅफिन ताकद देत नाही. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जेवढं साठेल तेवढी झोप येते. कॅफिनची रचना त्याच्यासारखीच, त्यामुळे ते अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं आणि मेंदूला थकवा कळतच नाही. थकवा कुठे गेलेला नसतो, कॅफिन उतरलं की सगळा एकदम अंगावर येतो.

हेच अ‍ॅडेनोसिन हृदयाचा वेग पण कमी करतं. एसव्हीटी नावाच्या हृदयाच्या त्रासात पेशंटचे ठोके अचानक मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात ना, त्यांना हॉस्पिटलमध्ये शिरेतून हेच इंजेक्शन देतात, आणि पेशंट नुकताच भरपूर कॉफी प्यायलेला असेल तर ते नीट लागू पडत नाही. म्हणजे कॅफिन हृदयाचा ब्रेक ढिला करतं, वर अ‍ॅड्रेनालिन हार्मोन वाढवतं, म्हणून धडधड, हात थरथरणं, थोडा वेळ बीपी वर. रोजच्या पिणाऱ्याला हे कमी जाणवतं, नवख्याला जास्त.

चहा-कॉफी सोडा असं मी म्हणत नाहीये. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2015 मध्ये धडधाकट माणसासाठी दिवसाला 400 मिलीग्रॅम, एका वेळी 200 पर्यंत ठीक सांगितलंय. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्न सुरक्षा संस्थेची एनर्जी ड्रिंकसाठी मर्यादा लिटरला 300 मिलीग्रॅम, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 75 पर्यंत, साधारण दोन कप चहाएवढं. पण चहा आपण गरम गरम घोट घोट पितो, ही थंडगार गोड बाटली दोन मिनिटांत संपते. दिवसाला 500 मिलीच्या वर नको आणि लहान मुलांना, गरोदर बायकांना नको हे बाटलीवरच छापलेलं असतं, तरी शाळेजवळच्या दुकानात ती सर्रास मिळते, याचा मला खरंच राग येतो.

खरा घोळ झोपेचा आहे. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे तीनला प्यायलात तर आठला घरी येऊन आडवे होता तेव्हा निम्मं रक्तातच. झोप लागली तरी कच्ची लागते, मग रात्री अजून जास्त पेंग आणि अजून एक बाटली. त्यामुळे जे काय प्यायचं ते शिफ्टच्या सुरुवातीलाच प्या, मध्यरात्रीनंतर नको. आणि सवय असेल तर एकदम बंद करू नका, डोकं भयंकर दुखतं, हळूहळू कमी करा. धडधडीसोबत चक्कर आली, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर मात्र 'गॅस असेल' म्हणत बसू नका, तसेच उठून हॉस्पिटल गाठा आणि ईसीजी काढा, कोणाला तरी सोबत घेऊन.