स्वेतलाना म्हणजे आपली श्वेताच का?

मी रशियन शिकवते हे कळलं की कुणी ना कुणी विचारतंच, "स्वेतलाना म्हणजे आपली श्वेताच ना हो?" कुणाला मुलीचं नाव ठेवायचं असतं, कुणाला नुसतंच कुतूहल. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

नातं आहे. रशियन 'स्वेत' म्हणजे उजेड, आणि तो आपल्या 'श्वेत'चा लांबचा भाऊबंद. त्यात स्वेतलानाला घरी 'स्वेता'च म्हणतात. पण एवढ्यावरून हे नाव वेदकाळात नेऊन बसवू नका. व्हॉट्सॲपवर ते काम आधीच झालंय!

नाव जेमतेम सव्वादोनशे वर्षांचं, तेही कवींनी घडवलेलं. वस्तोकोवनं ते आधी वापरलं, पण लोकांच्या तोंडी बसवलं वासिली झुकोव्स्कीच्या १८१३ सालच्या 'स्वेतलाना' या कथाकाव्यानं. जानेवारीतली सणाची संध्याकाळ. मुली पायातला जोडा काढून फाटकाबाहेर भिरकावतायत, नवरा कुठून येणार ते बघायला. स्वेतलाना मात्र गप्प. वर्ष झालं, प्रियकराचं पत्र नाही. मध्यरात्री ती दोघांची पानं मांडून, मेणबत्ती लावून आरशासमोर बसते. तो येतो, घसरगाडीत घालून बर्फातून नेतो आणि एका झोपडीत शवपेटीत दिसतो तोच! तेवढ्यात जाग येते. बाहेर घुंगरू वाजतात, प्रियकर जिवंत परतलेला असतो. ज्या जर्मन काव्यावरून त्याला हे सुचलं, त्यात नायिकेची अशी सुटका नाही. झुकोव्स्कीनं ती केली, हे मला मनापासून आवडतं. त्याच्या साहित्यिक मित्रमंडळात पुढे त्यालाच 'स्वेतलाना' म्हणू लागले.

नाव गाजलं, पण मुलींना मिळेना. बाप्तिस्म्याचं नाव संतांच्या यादीतून घ्यायचं, आणि त्या यादीत स्वेतलाना नव्हतीच. युद्धनौकेला असली आडकाठी नसते. 'स्वेतलाना' नावाचं लढाऊ जहाज झालं, त्यावरून व्लादिवस्तोकच्या मुख्य रस्त्याला स्वेतलान्स्काया नाव पडलं. क्रांतीनंतर जन्मनोंदणी चर्चकडून सरकारकडे गेली तेव्हा कुठे मुलींचा मार्ग मोकळा झाला. आजही स्वेतलानाचा बाप्तिस्मा बहुधा फोतिनिया या नावानं होतो. त्या ग्रीक नावातही उजेडच आहे.

१९२६ साली स्टालिननं आपल्या मुलीचं नाव स्वेतलाना ठेवलं. हीच पुढे आपले भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरला आली आणि मार्च १९६७ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन तिनं आश्रय मागितला. अवकाशात चालणारी पहिली स्त्री, १९८४ सालची सवित्स्काया, तीही स्वेतलानाच.

बाळाचं नाव ठेवणार असाल तर जरूर ठेवा, गोड आहे. मात्र रशियात हल्ली सोफिया, आन्ना, मारिया यांची चलती आहे. स्वेतलाना म्हटलं की तिथल्या लोकांना पाळण्यातली मुलगी नाही, शाळेतल्या गणिताच्या बाई आठवतात.