ब्लॉक द्या हो, ब्लॉक!

भाच्याचा डावा डोळा पुढे यायला लागला तेव्हा आजी म्हणाली, "रांजणवाडी असतली, शेक दी." डॉक्टरांनीही आधी इन्फेक्शन धरून औषध दिलं. पण ताप नाही, फारसं दुखणं नाही, आणि आठवडाभरात पापणी पुरती मिटेना. स्कॅन, बायोप्सी भराभर झालं. नाव निघालं रॅब्डोमायोसारकोमा, म्हणजे स्नायूसारख्या पेशींचा कॅन्सर. मुलांच्या डोळ्याच्या खोबणीत सुरू होणाऱ्या कॅन्सरांत हाच जास्त आढळतो म्हणे. मुळात असे पेशंटच कमी.

अडलं ते पुढे. मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात स्लाइडबरोबर (काचेवरच्या पातळ कापाबरोबर) ब्लॉकही मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा. त्याचे नवे काप काढून डेस्मिन, मायोजेनिन वगैरे स्नायूंची प्रथिनं तपासतात. आमचा ब्लॉक होता घाटावरच्या लॅबमध्ये. बायोप्सी केलेलं हॉस्पिटल म्हणे लॅबकडून घ्या, लॅब म्हणे हॉस्पिटलचं पत्र आणा. पत्र आणलं, तर त्यावर शिक्का नाही. शिक्का मारून आणला, तर कपाटाची चावी ज्याच्याकडे, तो चतुर्थीला गावी. गाव कुठलं? कोकणातलंच! मी घाट चढून त्याच्या दारात, तो उतरून माझ्या मुलखात. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "विसर्जन झाल्यावर या." ही गाठ आठवड्या-आठवड्याला वाढते, ती काय गणपती पोचवून येणार होती? मी बाकडं सोडलं नाही. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडम बाहेर आल्या, दुसरी चावी शोधली, ट्रे उपसला आणि नंबर लिहिलेला बोटाच्या पेराएवढा ठोकळा हातावर ठेवला. समोरचा चहासुद्धा निवला नव्हता.

तेव्हा बायोप्सी झाली की लगेच विचारा, ब्लॉक कुठे राहणार आणि कोण देणार. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे. सरकारी मोफत उपचाराच्या जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव आधीच जुळवून घ्या.

"डोळा काढतले काय?" हे गावात प्रत्येकाने विचारलं. नाही. केमो आणि रेडिएशन. खोबणीतल्या या गाठीची दहातली नऊ मुलं बरी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बहीण पहिल्यांदा पोटभर जेवली.

हां, रेल्वेचं राहिलं. हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला भाडं नाही, सोबतच्याला 75 टक्के सूट. कोकणातून तुतारी एक्सप्रेस थेट दादरला सोडते, तिथून परळ जवळ.

परवा लॅबचा फोन आला, ब्लॉक परत जमा करा. म्हटलं, पत्र पाठवा. शिक्क्याचं.